पथकात गेलेली चावी

मित्रांनो, चावी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कुलूप येईल. मी मात्र पाण्याची चावी आहे. जुनी, लोखंडी, तुमच्या खांद्याला लागेल एवढी उंच. रस्त्यात छोटी लोखंडी झाकणं दिसतात ना, त्यांच्याखाली पाण्याचे व्हॉल्व्ह असतात. ते मी फिरवते. नगरपालिकेच्या कारखान्यात एका लोहाराने मला घडवलं. आडवी मूठ जोडून झाल्यावर त्याने मला दोनदा फरशीवर आपटून पाहिलं आणि म्हणाला, "ही माझ्यापेक्षा जास्त टिकेल." तसंच झालं.

एकवीस वर्षं मी ज्यांच्या खांद्यावर काढली, त्यांना सगळे चावीवालेकाका म्हणत. सकाळी पाणी सोडायचं आणि उरलेला दिवस गळत्या काढायच्या, हे त्यांचं काम. मला जमिनीत रोवून, माझ्या मुठीला कान लावून ते खालचं पाणी ऐकत. "इथेच आहे," म्हणत आणि तिथेच निघे. लोक चहा पुढे करत, बायका हंडे भरता भरता हसून बोलत. त्या कौतुकात थोडं माझंही होतं.

मग सलग तीन वर्षं पाऊस रुसला. धरण तळाला गेलं आणि नियम निघाले. पाइपने गाडी धुवायची नाही, बागेला पाणी घालायचं नाही, गळका नळ दिसला की जोडणी बंद. नियम पाळायला लावण्यासाठी चाळीस जणांचं पथक मंजूर झालं, पण नवी भरती नाही. म्हणून दुरुस्तीच्या सातही जणांना उचललं, त्यांत काका आणि त्यांच्याबरोबर मीही. सामानाचं भांडार सांभाळणाऱ्यालाही घेतलं. अक्षर चांगलं म्हणून ग्रंथालयातल्या बाईंना नोटिसा लिहायला बसवलं. आठ लाखांचं शहर, आणि पथक नऊ जणांचं.

टोप्या मिळाल्या, गाडी मिळाली नाही. टेकडीवरच्या मोठ्या बागांपर्यंत चालत जाईतो तिथले पाइप गुंडाळलेले असत. पाणीखात्याच्या साहेबांनी मात्र ठरवून दिलं होतं, रोज पाच जोडण्या बंद झाल्याच पाहिजेत. मग आम्ही ऑफिसमागच्या गल्ल्यांतच फिरू लागलो.

तिथे एक इस्त्रीवाली राहायची. तिच्या मीटरपाशी पाणी ठिबकत होतं.

"काका, तीनदा तक्रार केली मी," ती म्हणाली. "तुम्हीच यायचे ना दुरुस्तीला?"

"मीच यायचो."

"मग आता आलाच आहात तर करून टाका."

काम एका वायसरचं होतं. वायसर भांडारात, भांडाराला कुलूप, आणि भांडारवाला पलीकडच्या गल्लीत टोपी घालून उभा. ग्रंथालयातल्या बाईंनी नोटीस लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि साहेबांना फोन लावला.

"दुरुस्ती आता आपल्याकडे नाही," साहेब म्हणाले. "बंद करा आणि पुढे चला."

काकांनी मला खाली सोडलं. तीन फेरे, आणि ठिबकणं थांबलं. मित्रांनो, लोखंडाला नाही म्हणता येत नाही. काकांना येत होतं, पण ते म्हणाले नाहीत. हे मला अजून डाचतं.

चौथ्या दिवशी इस्त्रीवाली कामावर गेली असताना तिची ऐंशीची सासू बादली घेऊन टँकरपाशी गेली. रेटारेटीत पडली आणि खुबा मोडला. काकांच्या कानावर आलं तेव्हा ते जेवत होते. डबा तसाच टाकून उठले, दुकानातून वायसर आणला आणि पाव तासात गळती काढून पाणी सोडलं.

"आजी उभ्या राहतील ना?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर नाही म्हणतात," इस्त्रीवाली म्हणाली आणि आत गेली. "बसा" म्हणाली नाही.

दिवसाच्या अहवालात काकांनी खरं ते सांगितलं.

"हे नको लिहायला," बाई हळूच म्हणाल्या.

"झालंय ते लिहा."

परवानगीशिवाय पाणी सोडलं म्हणून काकांना निलंबित केलं. पुरावा म्हणून मला चिठ्ठी बांधून कपाटात ठेवलं. बाकीचे एकेक करून दुसऱ्या कामांवर गेले. शेवटी पथकात बाई एकट्याच उरल्या, आणि एकट्याने बाहेर पडायचं नाही असा नियम होता. त्या महिन्याचा अहवाल मी ऐकला: शहरात नियमभंगाची एकही घटना नाही. साहेबांना शाबासकी मिळाली.

मित्रांनो, नळ नीट बंद करा असं तुम्हाला सगळेच सांगतील, आणि ते खरंच आहे. पण तुम्ही मोठे व्हाल, खुर्चीवर बसाल, आणि एखादे वर्षी पाणी पुरणार नाही. तेव्हा पकडणारी माणसं नेमण्याआधी दुरुस्त करणारी मोजा. आणि एखाद्या दाराशी चावी फिरवायची वेळ आलीच, तर आत कोण म्हातारं माणूस आहे का, एवढं विचारा. आम्ही विचारलं नव्हतं.