मधलं माप

टेलरताईंनी बाहेरच्या भिंतीवरची तसबीर खिळ्यावरून काढून आणली आणि सिस्टरच्या टेबलावर, मापाच्या कागदांवर ठेवली. इतकी हळू ठेवली की काचेचा आवाजसुद्धा झाला नाही. आपटली असती तर बरं, असं सिस्टरला वाटून गेलं.

"हिचं जमलं," त्या म्हणाल्या. "मग माझ्याच वेळी हात का आखडला?"

"बसा ना, ताई."

"बसायला नाही आले. उद्या सकाळी आठला डॉक्टर मला पुन्हा कापणार आहेत. त्याआधी विचारून घेते. ही बाई वेगळ्या मातीची आहे का?"

तसबिरीतली बाई खोल गळ्याचा निळा गाऊन घालून हसत होती. गळ्यात दोन्ही उभार एकमेकांना टेकलेले, मध्ये एक बारीक, काळी रेघ. सहा महिन्यांपूर्वी टेलरताई याच तसबिरीकडे बोट दाखवून म्हणाल्या होत्या, "अशी घळ हवी." डॉक्टर म्हणाले होते, "होईल की." मग छातीत सिलिकॉनच्या पिशव्या बसल्या. जखमा छान भरल्या, दोन्ही बाजू सारख्या झाल्या, कुठे दुखलं-खुपलं नाही. फक्त मधली सपाट पट्टी होती तिथेच, होती तेवढीच राहिली. तक्रार केली तेव्हा डॉक्टर गोड आवाजात म्हणाले, "पुन्हा आत जाऊ आणि दोन्ही जवळ आणू."

सिस्टर या दवाखान्यात अकरा वर्षं होती. मापं घेणं हे तिचं काम. गळ्याच्या खाचेपासून खाली, मधल्या रेषेपासून बाहेर, उभाराखालच्या घडीपासून वर. त्यासाठी स्टीलचा एक मापक होता, दोन टोकांचा, चिमट्यासारखा. तो अंगाला लावण्याआधी ती मुठीत धरून ऊबदार करायची. छापील कागदावर एक रकाना दोन्ही बाजूंमधल्या अंतराचाही होता. नोकरी लागली त्याच महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं, "तो रिकामा ठेवत जा. पेशंटच्या मनात नसत्या शंका येतात." तिनं तो रिकामा ठेवला. पण माप मात्र दर वेळी घेतलं आणि कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं. तिचं सगळं बंड तेवढंच. पेन्सिलीचं, आणि तेही पाठीमागून.

"दातखीळ बसली का, सिस्टर?"

"तुमच्या छातीचं मधलं हाड रुंद आहे," सिस्टर म्हणाली. "जन्मापासून. वरचा स्नायू त्या हाडाच्या कडेला धरलेला असतो आणि पिशवी त्या स्नायूखाली बसते. ती मोठी घातली तर पुढे फुगते, बाहेरच्या अंगाला फुगते. मध्ये येऊ शकत नाही. मध्ये हाड आहे आणि हाडावर नुसती कातडी."

"मग उद्या काय करणार आहेत?"

"स्नायू हाडापासून सोडवणार."

"म्हणजे उसवणार."

"हो."

टेलरताई आता बसल्या. त्यांचं स्वतःचं दुकान होतं, बायकांचे कपडे शिवायचं. अंगठ्याच्या पेराला कात्रीचा घट्टा होता.

"दोन उशा एकाच लांब खोळीत घातल्या आणि मधली शिवण उसवली," त्या सावकाश म्हणाल्या, "तर दोन उशा राहत नाहीत. गठ्ठा होतो."

 सिस्टरला चार वर्षांपूर्वीची एक बाई आठवली. तिचा स्नायू असाच सोडवला होता. पिशव्यांचे दोन्ही कप्पे मध्ये येऊन एक झाले, आणि गळ्याखाली या काखेपासून त्या काखेपर्यंत एकच सलग उंचवटा तयार झाला. कातडी हाडावरून तंबूसारखी उचलली गेली. ती बाई तीनदा परत आली. बोलताना तळहात छातीच्या मधोमध दाबून धरायची, जणू तिथून काही निसटून जाईल. डॉक्टर तिला म्हणाले होते, "तुमच्या शरीरानं साथ दिली नाही." बाई त्यांना सॉरी म्हणाली होती. पेशंट सॉरी म्हणाली.

"मग हिचं कसं जमलं?" टेलरताईंनी काचेवर बोट टेकवलं. "हिला हाड नाही का?"

"हिचं मधलं अंतर साडेचार सेंटिमीटर आहे. तुमच्यापेक्षा जास्त."

"थापा मारू नका."

सिस्टर उठली. फोटोच्या खोलीत जाऊन तिनं पांढऱ्या चिकटपट्टीची गुंडाळी आणली आणि दाराला आतून कडी घातली.

"ब्लाउज काढा, ताई."

पुढचं सगळं तिनं न बोलता केलं. एक बाजू तळहातानं आत ढकलली, खालून पट्टी ओढली, दुसरी बाजू आत ढकलली, पट्टी काखेखालून पाठीपर्यंत ताणून नेली. मग दुसरी पट्टी, तिसरी पट्टी. टेलरताईंनी दात आवळले. खुंटीवर तोच निळा गाऊन होता. अकरा वर्षांत तो किती अंगांवर चढला होता, याची गणती नव्हती. सिस्टरनं तो त्यांच्या खांद्यांवर चढवला आणि त्यांना आरशाकडे वळवलं.

गळ्यात बारीक, काळी रेघ होती. तसबिरीतल्यासारखीच.

टेलरताई बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांचा हात काखेखाली गेला. तिथे गाऊनला एक तिरपी सुरकुती पडली होती.

"ही सुरकुती फोटोतही आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी दिसली होती मला. कापड आतून ओढलं गेलंय, हे डोळ्यांना कळत होतं. मी म्हटलं, कुणीतरी फिटिंग बिघडवलंय. मनात हसले होते त्या शिंप्याला." त्यांनी आरशातूनच सिस्टरकडे पाहिलं. "पट्ट्या कोण लावतं?"

"मी."

"त्या दिवशी मी बाहेर बसून त्या फोटोकडे बघत होते. तुम्ही समोरच होतात."

"हो."

"पाण्याचा ग्लास दिलात मला."

"हो."

"मी मापं घेते, सिस्टर. वीस वर्षं घेते. कापड कमी असेल तर कात्री लावण्याआधी सांगते. गिऱ्हाईक चिडतं, शिव्या घालतं, दुसऱ्या दुकानात जातं. जाऊ दे. पण कापल्यावर नाही सांगत." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आरशात मी नेहमी दुसऱ्या बाईच्या खांद्यामागून दिसते. टाचण्या तोंडात धरलेलं माझं थोबाड, आणि पुढे ती, नटलेली. एकदा पुढे उभं राहायचं होतं मला. एवढंच. त्यासाठी मी अंग दिलं तुमच्या हातात, आणि तुम्ही मला पाणी पाजलंत."

सिस्टरला माफी मागावीशी वाटली. पण माफी मागितली असती तर ती देण्याचं काम पुन्हा याच बाईच्या गळ्यात पडलं असतं. राग होता, डॉक्टरांचा होता, पण तो सगळा त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. बराचसा वाटेतच, तिच्या स्वतःच्या हातांपाशी थांबत होता.

टेलरताईंनी गाऊन उतरवला आणि पट्ट्या स्वतःच ओढून काढल्या, एका झटक्यात एक. कातडीवर लाल पट्टे उठले. उभार आपापल्या जागी परत गेले. मध्ये सपाट पट्टी उघडी पडली. त्यांनी पर्समधून शिवणाची टेप काढली आणि आरशात बघत तिथे लावली.

"दीड इंच, वर एक रेघ." त्या कोरडं हसल्या. "जन्म गेला बायकांना मोजण्यात, हे माप कधी घेतलं नाही. ब्लाउजला लागतच नाही. तुमचं किती आलं होतं?"

"चार पूर्णांक एक. सेंटिमीटर."

"म्हणजे बरोबर आलं होतं."

"हो."

"बरोबर येऊन काय उपयोग झाला त्याचा?"

दार वाजलं. सिस्टरनं टेलरताईंना ब्लाउज घालू दिला, मग कडी काढली. डॉक्टरांनी आधी तसबिरीकडे पाहिलं, मग फरशीवरच्या पट्ट्यांकडे.

"काय चाललंय, ताई? उद्याची भीती वाटतेय का?"

"उद्या येत नाही मी," टेलरताई म्हणाल्या. "माझा कागद द्या. मापांचा."

"अहो, असा घाईघाईनं निर्णय नको. सिस्टरनी काही सांगितलं असेल, पण शेवटी त्या सिस्टर आहेत. स्नायू थोडासा मोकळा केला की..."

"चार वर्षांपूर्वी केला होता," सिस्टर म्हणाली. "थोडासाच."

अकरा वर्षांत तिनं डॉक्टरांचं वाक्य कधी मध्येच तोडलं नव्हतं. डॉक्टरांचा चेहरा तसाच मवाळ राहिला, फक्त कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

सिस्टरनं फायलीतून कागद काढला, पुढची बाजू वर केली आणि रिकाम्या रकान्यात पेनानं लिहिलं, ४.१. खाली सही केली, तारीख घातली. टेलरताईंनी तो कागद घेतला. घडी घालताना नखानं दाबून कड काढली, कापडाची काढतात तशी. दारातून वळून त्यांनी सिस्टरकडे पाहिलं. त्या नजरेत आभार नव्हते. ते असावेत, अशी सिस्टरचीही अपेक्षा नव्हती.

"तसबीर जागेवर लावा," डॉक्टर म्हणाले. "आणि पुढची पेशंट आत घ्या. आज मापं मी लिहून घेतो. तुम्ही फक्त सांगत जा."

तसबीर टेबलावरच राहिली, कारण सिस्टर थेट दाराकडे गेली.

पुढची पेशंट पंचवीस-सव्वीसची होती. कमरेपर्यंत उघडी, हात छातीवर घट्ट बांधून पडद्यामागे उभी. थंडीनं की लाजेनं, खांद्यांवर काटा आला होता.

"हात खाली सोडा, बाळ," सिस्टर म्हणाली. "सरळ उभी राहा. आहेस तशीच."

तिनं मापक मुठीत धरला आणि ऊब येईपर्यंत धरून ठेवला. पडद्याच्या पलीकडे डॉक्टर पेन उघडून बसले होते. ती एकेक आकडा सांगत गेली. खाचेपासून खाली, मधल्या रेषेपासून बाहेर, घडीपासून वर. प्रत्येक आकड्याला पेनाची कुरकुर ऐकू येत होती. एक सोडून सगळे रकाने भरले.

मग तिनं मापकाची टोकं मुलीच्या छातीच्या मधोमध टेकवली.

"मध्ये," ती मोठ्यानं म्हणाली, "तीन पूर्णांक आठ."

पलीकडे पेन हललं नाही. सिस्टर थोडी थांबली. मग मुलीच्या डोळ्यांत बघत, या वेळी फक्त तिच्यासाठी, तो आकडा तिनं पुन्हा सांगितला.