साडेचौदा इंच गळा

थोरलीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती शर्टाच्या वरच्या बटणापाशी. स्वतःसाठी स्वतःच बेतून शिवलेला शर्ट, आणि गळ्याचं बटण लागेना! शिवणाच्या दुकानात माणसं दोनच, ती आणि तिची धाकटी जाऊ. मग कॉलर कोणी आत घेतली हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा? ‘जावा जावा, उभा दावा’ म्हणतात ते काय उगाच!

मग संशयाला पायच फुटले. तिने केलेली काजं कोणीतरी उसवून पुन्हा करत होतं. तो टाका तिचा नव्हता. हात थरथरायचे, म्हणजे चहात काहीतरी असणार. परवा गिऱ्हाइकासमोर तिला ‘बाही’ हा शब्दच आठवेना, तर धाकटीने चटकन सांगितला. चटकन! जणू वाटच बघत होती. थोरलीने आपली कात्री कपाटात कोंडून किल्ली कमरेला लावली. हे दुकान तिने उभं केलं होतं, आणि ही बया तिला वेडी ठरवून ते घशात घालणार, अशी तिची खात्रीच झाली.

“माझा गळा आवळायला बसलीस!” ती एका दुपारी ओरडली.

धाकटीने मापांची वही काढली. थोरलीच्याच अक्षरात तिचं स्वतःचं माप होतं, गळा तेरा. मग तिच्या गळ्याला टेप लावली. साडेचौदा.

“टेप बदललीस!”

“जाऊबाई, टेबलाच्या पट्टीला लावून बघा. ती तर तुम्हीच ठोकलीय.”

इंचाला इंच जुळला. टेप खोटं बोलत नाही, हे तिचंच वाक्य. थोरलीने गळ्याला हात लावला. समोरून चांगलाच फुगला होता. पहिल्यांदाच तिला स्वतःची भीती वाटली.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “थायरॉइड आहे. रोगाशी लढणारे शरीराचे पहारेकरी घरच्यांनाच चोर समजतायत. मेंदूलाही झळ लागलीय, म्हणून हा विसर, ही थरथर, हे संशय. औषधाने उतार पडेल.”

“म्हणजे शरीरही माझ्याच वळणावर गेलं,” थोरली पुटपुटली.

पहिला आठवडा तिने धाकटीने दिलेली प्रत्येक गोळी हुंगून घेतली. हळूहळू हात स्थिरावला. तरी एक गोष्ट डाचत होती.

“खरं सांग, काजं उसवत होतीस ना?”

“हो,” धाकटी खाली बघत म्हणाली. “वाकडी यायची. तुमचा हात गेला, असं कोणी म्हणू नये म्हणून सकाळी लवकर यायचे.”

थोरलीला रडूच कोसळलं. तिने कमरेची किल्ली काढून धाकटीच्या हातात ठेवली.

“कात्री काढ. माझा शर्ट तू बेत. गळा साडेचौदा.”