गाठ अख्खी निघाली

राणीचं पित्ताशय गेल्या वर्षी दुर्बिणीनं काढलं होतं. पोटावर तीन-चार बारीक भोकं, आणि काही दिवसांतच ती मानवतच्या बाजारात भाजी निवडत उभी. म्हणून आईच्या, केशरबाईच्या, पोटात मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ निघाली आणि ती कॅन्सरचीच दिसते असं कळलं, तेव्हा राणीनं ठरवूनच टाकलं: आईचंही दुर्बिणीनंच करायचं.

केशरबाईचा चेहरा वर्षभर गोल होत चालला होता. ओठावर लव दाट झाली होती. ताडकळसच्या बायका म्हणायच्या, "अंगानं भरलीस की!" आणि ती पदर तोंडावर ओढून घ्यायची. बीपी कशानंच उतरेना, तेव्हा सोनोग्राफी झाली, स्कॅन झाला आणि मायलेकी नांदेडच्या सर्जनबाईंसमोर येऊन बसल्या. सोबत राणीचे वडील, आसाराम.

"चेहरा, लव, बीपी, सगळं या गाठीतल्या हार्मोनमुळं. ती काढायला पोट उघडावं लागेल," बाई म्हणाल्या.

राणी दचकली. "पण मॅडम, आता तर समदे दुर्बिणीनंच करायलेत. एवढी मोठी चीर हिला सोसंल का?"

"गाठ लहान असती तर मीही तेच केलं असतं. दुखतं कमी, घरी लवकर जाता येतं. पण ही नारळाएवढी आहे, यकृताला टेकलेली. काढताना तिचं आवरण फाटलं तर कॅन्सर पोटभर सांडेल. उघडून केलं तर अख्खी निघण्याची आशा जास्त."

"आण्णा, दुसऱ्या दवाखान्यात इचारू," राणी वडिलांकडे वळून कुजबुजली.

ते केशरबाईनं ऐकलंच. "राणे, मला लवकर घरी जायची घाई न्हाई. चिरा बाई तुमी."

ऑपरेशनच्या दिवशी राणी थिएटरच्या दाराकडे बघत बसली होती. आपण अजून हट्ट धरायला पाहिजे होता का? आईला काही झालं तर? आसाराम एका जागी थांबत नव्हते. जिन्यापर्यंत जायचे, परत यायचे.

दुपार कलल्यावर बाई बाहेर आल्या. कपाळावर टोपीचा वळ उठला होता. "अख्खी निघाली. कुठंही फाटली नाही."

आसाराम भिंतीला टेकून खालीच बसले. राणीला हसू आलं आणि हसता हसताच रडू फुटलं.

पुढचे दिवस सोपे नव्हते. खोकला आला की केशरबाई उशी पोटाशी गच्च धरायची. कूस बदलायलाही राणी लागायची. पण तपासणीचा रिपोर्ट आला, गाठीच्या कडा स्वच्छ होत्या, म्हणजे कॅन्सर मागं राहिल्याचं दिसत नव्हतं. गाठ परत येऊ नये म्हणून दिलेली रोजची गोळी चुकवायची नाही आणि ठरल्या वेळी स्कॅन करायचा, एवढं बाईंनी बजावलं. हळूहळू गाल उतरले, जुनी केशरबाई दिसायला लागली.

पहिला स्कॅन साफ निघाला त्या दिवशी परतताना ती पूर्णेच्या स्टँडवर उतरूनच बसली. "मला भजी खायचीत."

"बीपी!" आसाराम ओरडले.

"उतरलाय की आता!"

राणीनं दोन प्लेट सांगितल्या. केशरबाईनं पहिलं गरम भजं तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "मिरची लय झकास हाय बघ."