उजवीकडचा खिसा

"बाई, आज हाच फोटो तपासायचा," इओतेबा म्हणाला आणि शाळेचा एकुलता एक टॅबलेट त्याने माझ्या टेबलावर ठेवला.

दर शुक्रवारी मी सातवीला बातमी पारखायला शिकवते. कोणी सांगितलं, कधीचं आहे, फोटोत खरंच काय दिसतं, हे तीन प्रश्न फळ्यावर कायमचे लिहिलेले. दुसऱ्यांच्या थापा पकडायला आम्हाला फार मजा यायची. आजचा फोटो मात्र माझ्याच घरचा होता.

माझा नवरा बाउरो नऊ महिन्यांपूर्वी होडी घेऊन मासेमारीला गेला, तो परतलाच नाही. इंजिन बंद पडून वाहून गेलेली माणसं चार-सहा महिन्यांनी मार्शल बेटांवर जिवंत सापडतात, म्हणून आमच्या आबियांग बेटावर कुणी लवकर रडत नाही. पण नऊ महिने म्हणजे फारच झाले. आणि परवा हा फोटो आला. मार्शलच्या धक्क्यावर दाढी वाढलेला एक माणूस, मान खाली, अंगात आमच्या चर्चच्या गायकांचा निळ्या फुलांचा शर्ट. गावच्या सभागृहात म्हाताऱ्यांनी सांगून टाकलं, बाउरो सापडला. म्हाताऱ्यांनी सांगितलं की इथे प्रश्न मिटतो. मेजवानीचं डुक्करसुद्धा ठरलं.

"शर्ट आपलाच आहे, बाई. बातमी खरी," पोरं म्हणाली.

"तसलं कापड राजधानीतल्या, तारावाच्या दुकानातून निम्म्या देशाने नेलंय," तेरेतिया म्हणाली. चर्चमध्ये ही बाउरोच्या मागच्या रांगेत बसायची. "आणि खिसा बघा. बाउरोकाका डावरे, त्यांचा खिसा उजवीकडे. त्यातूनच बिस्किटं काढून द्यायचे आम्हाला. ह्या माणसाचा डावीकडे आहे."

ते मला पहिल्याच नजरेत दिसलं होतं. दोन दिवस मी स्वतःची जी समजूत घालत होते, तीच आता वर्गाची घातली. "कधी कधी फोनमध्ये फोटो उलटा होतो. डावं ते उजवं दिसतं."

"सुटलो," इओतेबा म्हणाला. "ए तेरेतिया, बस खाली. तुला तर शिजलेल्या भातातही खडे दिसतात."

ती बसली नाही. "पण बाई, मागच्या पिंपावरची अक्षरं सुलट आहेत. फोटो उलटा असता, तर तीही उलटी दिसली असती. तुम्हीच शिकवलंय." मग माझ्याकडे बघून तिचा आवाज अगदी खाली गेला. "चुकलं का माझं?"

म्हाताऱ्यांच्या शब्दापुढे जाऊ नये, एवढं म्हटलं असतं तरी ती मुकाट बसली असती. मला फार मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मग पुढच्या शुक्रवारी कोणत्या तोंडाने फळ्यापुढे उभी राहणार होते?

"नाही चुकलं," मी म्हणाले आणि खडू घेतला. खिसा डावीकडे. अक्षरं सुलट. फोटोतला माणूस बाउरो नाही.

फळ्यावरचं सगळं वहीत उतरवायची सवय मीच लावलेली. सगळ्या मुलांनी माना खाली घालून ते वाक्य उतरवून घेतलं.

घरी सासूबाईंनी चटईवर तीन ताटं मांडली होती. नऊ महिने तिसऱ्या ताटात त्या माशाचं डोकं वाढत आल्या होत्या. ते त्याच्या आवडीचं.

"आई, तो फोटो..."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"पाहिला तेव्हापासून. तो खिसा मीच लावला होता, पोरी. तुझा चेहरा जरा उजळला होता, म्हणून बोलले नाही."

"मी तर तुमच्यासाठी गप्प होते."

त्या ताटावरच्या माश्या वारत राहिल्या. "कुणाचा तरी मुलगा सापडलाय," शेवटी म्हणाल्या. "डुक्कर नको म्हणून मी सांगून येईन उद्या. तू नको येऊस."

मग त्यांनी तिसऱ्या ताटातलं माशाचं डोकं उचललं आणि माझ्या ताटात ठेवलं.

"खा," त्या म्हणाल्या. "गार होतंय."