पुस्तकाच्या दरात शिकंजा

वडील बाइंडर होते. ते गेल्यावर त्यांच्या दुकानातलं सामान थोरल्या मुलाने, दादाने, एकेक करून ऑनलाइन विकायला काढलं. फोटो काढायचे, माहिती भरायची, खोकी बांधायची, हे सगळं बायकोच्या गळ्यात. धाकटी नणंद तिला वहिनी म्हणायची, तर आपणही वहिनीच म्हणू.

सामानातली सगळ्यात जड वस्तू म्हणजे शिकंजा. लोखंडाच्या दोन जाड पाट्या, मधून गेलेला स्क्रू आणि वर फिरवायचं चाक. खळ लावलेली पुस्तकं पाट्यांमध्ये ठेवून चाक आवळलं की बांधणी पक्की बसायची. वहिनीने साइटवर माहिती भरताना तो ‘पुस्तके व स्टेशनरी’ या विभागात टाकला. बाइंडिंगचं सामान, मग आणखी कुठे टाकणार? त्या विभागात पोस्टेज ठरलेलं होतं, एका पुस्तकाला लागतं तेवढंच. वजन कोणी विचारलं नाही, तिनेही भरलं नाही.

शिकंजा लगेच विकला गेला, पैसेही जमा झाले. कुरिअरच्या काउंटरवर चौकशी केली तेव्हा तिथला माणूस वजन ऐकून हसला.

“ताई, हे पुस्तक कोण वाचणार आहे?”

त्याने सांगितलेलं खरं पोस्टेज शिकंज्याच्या किमतीहून जास्त होतं.

दादाने आवाज चढवला नाही. चहात बिस्किट बुडवत तो म्हणाला, “डोकं कुठे गहाण ठेवलंयस, ते तरी सांग. सोडवून आणतो.”

“चूक आपली आहे,” वहिनी म्हणाली. “ऑर्डर रद्द करू. नाहीतर जास्तीचं निम्मं तुम्ही द्या, असं घेणाऱ्याला विचारून बघते.”

“विचार की. इथेच, माझ्यासमोर. स्पीकर लाव.”

ऑर्डरवर एका पुरुषाचं नाव होतं, पण फोन बाईने उचलला. वहिनी पाठ केल्यासारखी बोलत सुटली. तुम्ही शिकंजा मागवलाय, त्याचं पोस्टेज आमच्याकडून चुकीचं लागलंय, तर...

“वहिनी?”

आवाज धाकटीचा होता.

धाकटी लहानपणापासून वडिलांच्या हाताखाली बांधणी शिकलेली. आपल्या मनाने लग्न केलं म्हणून दादाने तिला घराची दारं बंद केली होती, तिच्या नवऱ्याचं नावही कधी विचारलं नव्हतं. वडील गेले तेव्हा तिला उंबऱ्याबाहेरून दर्शन घ्यायला लावलं. त्या दिवशी तिने एवढंच मागितलं, की मला बाबांचा शिकंजा द्या. बाबांची वस्तू घरातून हलणार नाही, असं दादाने चारचौघांत सुनावलं होतं.

“वहिनी, दादाला कळू देऊ नकोस हं,” धाकटी घाईघाईने म्हणाली. “ह्यांच्या नावावर मागवलाय मुद्दाम. शाळेच्या रजिस्टरांचं काम मिळालंय गं, शिकंज्याशिवाय नाही व्हायचं. पोस्टेजचं जे काय वर होईल ते देते मी, थोडं थांबलीस तर. पण त्याला कळलं ना, तर तो शिकंजा हातचा जाऊ देणार नाही.”

वहिनीने दादाकडे पाहिलं. त्याने ओठांवर बोट ठेवलं होतं. मग त्याने शेजारच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर लिहून तिच्यापुढे सरकवलं : पाठवते म्हण.

“पाठवते,” वहिनी म्हणाली.

“तुझे उपकार नाही फिटायचे गं,” धाकटी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दादाने पाना आणला. चाकाचा नट गंजून बसला होता. त्यावर तेल सोडून, कपाळावरचा घाम पुसत, त्याने तो नेटाने सोडवला. चाक काट्यावर ठेवलं.

“एका जाड पुस्तकाएवढं भरतंय,” तो म्हणाला. “बांध.”

“अहो, नुसतं चाक घेऊन ती काय करील?”

“जेवढ्याचं पोस्टेज भरलंय तेवढं जाईल. फुकट न्यायला ही काय धर्मशाळा आहे? आणि नीट गुंडाळ. ओरखडा आला म्हणून तक्रार नको.”

वहिनीने चाक नीट गुंडाळलं. धाकटीला कळवावं असं तिच्या मनात दोनदा आलं. फोन तिच्याजवळच होता. तिने कळवलं नाही.

तिकडे धाकटीने खिडकीखालची जागा रिकामी केली होती, वजन उचलायला शेजाऱ्यालाही सांगून ठेवलं होतं. कुरिअरवाला खोकं एका हातात घेऊन जिना चढून आला. त्याच्यामागे आलेला शेजारी क्षणभर दारात घुटमळला आणि परत गेला.

खोक्यातलं नुसतं चाक बघून हे कुणाचं काम ते तिला कळलं, आणि तिने दादाला फोन लावला. लग्नानंतर पहिल्यांदा.

“बाकीचा शिकंजा कुठाय?”

“बाकीचं पोस्टेज भर,” दादा शांतपणे म्हणाला. “बाकीचा येईल.”

नवऱ्याने पगारातून उचल घेतली आणि तिने पोस्टेज भरलं. संध्याकाळी सगळे पैसे परत आले. शिकंज्याचे, पहिल्या पोस्टेजचे, दुसऱ्या पोस्टेजचेही. पाठोपाठ दादाचा फोन आला.

“पैसे बघून घे, एक दमडी ठेवलेली नाही. शिकंजा भंगारात गेला. बिनचाकाचा शिकंजा कोण ठेवतं घरात? सकाळीच त्याचे तुकडे करून नेले भंगारवाल्यांनी.”

एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

वहिनीने धाकटीला फोन केला तो गच्चीवर कपडे वाळत घालताना.

“तू तेव्हा बोलली का नाहीस?” धाकटीने विचारलं.

“ते समोर बसले होते गं.”

“ते समोरच बसलेले असतात, वहिनी,” धाकटी म्हणाली. यानंतर तिने वहिनीचा फोन कधी उचलला नाही.

रजिस्टरं तिने फळ्यांवर विटा रचून दाबली. पाठी फुगल्या, पानं वाकडी बसली. शाळेने सगळा गठ्ठा परत पाठवला, कागदाचा खर्चही तिच्याच माथी मारला. तो फेडायला ती आता एका मोठ्या बाइंडिंग कारखान्यात रोजावर जाते. तिच्या हातातली सफाई बघून मालकाने एकदा विचारलं, हे कुठे शिकलीस?

“असंच,” ती म्हणाली आणि पुढचा गठ्ठा ओढून घेतला.