अंतरपाट सरताना

नवरीच्या मागे उभं राहायचा मान मामाचा. पण पल्लवीच्या लग्नात प्रसादमामाने तो धाकट्या भावाला देऊन टाकला आणि स्वतः कॅमेरा घेऊन समोर, नवऱ्या मुलाच्या मागे जाऊन उभा राहिला. कारण सुलभाताई, पल्लवीची आई. लग्न तोंडावर आलेलं असताना तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती नानाखेड्याच्या घरी अंथरुणाला खिळली. व्हिडिओ कॉलवर तिचा भरवसा नव्हता. "अंतरपाट सरल्यावर पल्लूचा चेहरा. तेवढा एक फोटो आण," तिने भावाला बजावलं होतं.

भाड्याने आणलेला फोटोग्राफर वरमालेच्या पोझ घेण्यात पटाईत, अंतरपाटाच्या बाबतीत कोरा. तो म्हणाला, "सर, ऑटो पे रखो, टेंशन मत लो." पण प्रसाद पडला बँकेतला माणूस, दुसऱ्याच्या सहीवर विसंबणारा नव्हे. महिनाभर व्हिडिओ पाहून त्याला एवढंच पटलं होतं की ऑटो हे अडाण्यांचं काम. मॅन्युअलमध्ये उजेड किती घ्यायचा ते आपण ठरवायचं, कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा काटा मधोमध आला की झालं.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि त्याची मती गुंग झाली. समोर पांढराशुभ्र अंतरपाट, काटा पार उजवीकडे, म्हणजे उजेड जास्त. त्याने उजेड कमी केला. मग वाटलं, ऑटोच बरं. तिथे कॅमेरा आपल्याच मनाने आकडे बदलू लागला, तसा घाबरून परत मॅन्युअलवर आला. अक्षता डोक्यावर पडत होत्या आणि हा पठ्ठ्या काट्याशी झटत होता. आला एकदाचा मधोमध. शेवटचं 'सावधान' झालं, बँड वाजला, प्रसादने बटण दाबलं.

संध्याकाळी त्याने ताईपुढे कॅमेरा धरला. मुंडावळ्या तेवढ्या चमकत होत्या, चेहरा काळाठिक्कर. पांढऱ्या कापडासाठी उजेड कमी केला होता आणि कापड सरल्यावर तो वाढवायचा राहून गेला, हे त्याला आत्ता उमगलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई, कंप्यूटरवर उजळून बघतो."

"जाऊ दे रे. तू तर सामनेच उभा होतास ना? तूच सांग, कशी दिसत होती?"

प्रसादने आठवून पाहिलं. अंतरपाट सरला तेव्हा त्याची नजर काट्यावर होती.

"हसत होती," तो म्हणाला.

ताईने डोळे पुसले. "मला शोधत होती का रे?"