एक जूनची माणसं

"एक जून," पहिल्या बाकावरची बाई म्हणाली.

बडेकर गुरुजींनी फळ्यावर तारीख लिहिली आणि खडू दुसऱ्या बाईकडे रोखला. तीही म्हणाली, एक जून. गुरुजींची कळी खुलली. हा खेळ त्यांनी आजवर तीस-पस्तीस शाळांत केला होता, पण तो रंगायला वीसेक माणसं तरी खर्ची पडायची. इथे दुसऱ्याच माणसाला तारीख जुळली. तिसऱ्याने तीन मार्च सांगितली, त्याचा जन्म कल्याणच्या दवाखान्यातला. चौथा एक जून. पाचवी एक जून. सहावा उभा राहिला तो हसतच, आणि त्याने तोंड उघडायच्या आत मागच्या बाकांवरून चार-पाच जणांनी त्याची तारीख सांगून टाकली.

कळंबच्या शाळेतला ऑगस्टमधला पालक मेळावा होता. वाल्मिक बडेकरांना निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. भिसेगावात स्वतःचं घर, मुलगा पनवेलला नोकरीला, आणि हाताशी वेळच वेळ. पिशवीत खडू आणि पुठ्ठ्याची खेळणी भरून ते कर्जत-खालापुरातल्या शाळांत गणिताच्या गमती दाखवत हिंडत. जन्मतारखेची गंमत त्यांची सर्वांत लाडकी. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट, पण खोलीत नुसती तेवीस माणसं जमली तरी त्यांतल्या कुणा दोघांची जन्मतारीख एकच निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. ऐकणाऱ्याला हे पटत नाही, आणि न पटलेलं पटवून देण्यात गुरुजींना जेवणाहून जास्त आनंद होई.

आजवर मात्र हा खेळ त्यांनी पोरांबरोबरच केला होता. हल्लीची पोरं दवाखान्यात जन्मतात, त्यांच्या तारखा वर्षभर विखुरलेल्या असतात. त्यांचे आईबाप जन्मले घरात, आणि त्यांची तारीख उतरली ती मास्तरच्या पेनातून. एकतीस पालकांत एकोणीस जण एक जूनचे निघाले. नागू हिंदोळा नावाचा एक बाप म्हणाला, "गुरुजी, आमच्या वाडीत एक जूनला केक पुरायचा नाय," आणि सगळा वर्ग खदखदून हसला. गुरुजीही हसले. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराची सहा वर्षं भरलेली दाखवावी लागायची, म्हणून आम्ही मास्तर लोक सरसकट एक जून टाकायचो, असं त्यांनी लहानपणची खोडी सांगावी तसं सांगून टाकलं.

वर्ग पांगल्यावर ते खडूचे हात धुवायला नळावर गेले. तिथे एक बाई थांबली होती. मघाशी चौथ्या बाकावर होती, तिनेही एक जूनच सांगितली होती.

"मी ललिता, गुरुजी. वरच्या वाडीची. ठकी पादीरची मुलगी."

गुरुजींना ओळख पटायला वेळ लागला नाही. कोंडाण्याच्या वर, डोंगराला लागून ठाकरांची पंचवीस घरं होती, तिला सगळे नुसतं वरची वाडी म्हणत. तिथल्या एकशिक्षकी शाळेत गुरुजींनी ऐन उमेदीची बारा वर्षं काढली होती, आणि त्या बारा वर्षांत एवढे प्रश्न विचारणारं पोर दुसरं भेटलं नव्हतं. चालताना चंद्र आपल्यासंगं का येतो, खेकड्याला बिळात अंधार वाटत नाय का, शून्य पहिल्यांदा कुणी मोजलं. काही प्रश्नांची उत्तरं गुरुजींनाही येत नसत. मग ते दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन डोंगर चढत.

ललिताने आपली हकिकत थोडक्यात सांगितली. बारावी झाली, लग्न झालं, नवरा टेंपोवर. ती इथल्याच एका रिसॉर्टवर चादरी धुते. पण गेली चार वर्षं सुट्टीच्या दिवशी ती कर्जतच्या एका संस्थेच्या दवाखान्यासाठी वाड्यावाड्यांतून फिरते. गरोदर बायांना तपासणीला नेते, गोळ्या पोचवते, कुणाचा ताप हटत नसेल तर गाडी बोलावते. पैसा मिळत नाही, पण जीव रमतो. आता संस्थेने त्याच कामाला पगारी आरोग्यसेविकेची जागा काढली होती. दवाखान्यातल्या सगळ्यांना वाटत होतं की ती ललिताचीच. अट एकच, की उमेदवाराची तीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत. आणि कागदावर ललिताला तीस पूर्ण होऊन दोन महिने उलटले होते.

"मघाशी सगळे हसले तवा मी बी हसले, गुरुजी. पण माझं अडलंय ते त्या तारखेनंच." तिच्या बोलण्यात कसलाच ठपका नव्हता, आणि तो असता तर गुरुजींना जरा बरं वाटलं असतं. "आई म्हणते, मी दिवाळीतल्या गिराणात झाले. ती तारीख कुठं मिळंल?"

"चोवीस ऑक्टोबर एकोणीसशे पंच्याण्णव," गुरुजी म्हणाले.

ही तारीख कुणी झोपेतून उठवून विचारली असती तरी त्यांनी सांगितली असती. ललिताने बोटांवर महिने मोजले. तिला तीस पूर्ण व्हायला अजून दोन महिने बाकी होते.

त्या दिवाळीच्या सकाळी सूर्यग्रहण होतं, आणि गुरुजी फराळ सोडून वरच्या वाडीत गेले होते. हातात छिद्र पाडलेला पुठ्ठा आणि एक पांढरा कागद. सूर्याची कोर कागदावर उतरवून दाखवायची, लोकांची भीती घालवायची, असा बेत. पण वाडीची सगळी दारं बंद होती. गुरुजी दारोदार ओरडत फिरले, सूर्याला कुणी गिळत नाही, चंद्राची सावली आहे, बाहेर या आणि बघा. तीन पोरं तेवढी आली. एका दाराशी तर गुरुजींनी चांगलाच आवाज चढवला, कारण आतली म्हातारी सुनेला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देईना. बाई अडलीय, तुमी जा, असं आतून कुणीतरी म्हणालं. गुरुजी हळहळत डोंगर उतरले. पुढे कितीतरी भाषणांत त्यांनी त्या बंद दाराची गोष्ट अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगितली होती.

मग पावणेसहा वर्षांनी, दोन हजार एकच्या जूनमध्ये, ठकी पोरीला घेऊन शाळेत नाव घालायला आली. त्या दिवशी चौदा पोरं दाखल व्हायची होती आणि गुरुजींनी चौदाही नावांपुढे तारीख आधीच टाकून ठेवली होती. कुणी विचारलेलं नसताना ठकी आपणहून म्हणाली, पोर गिराणाच्या दिवशी झालीय, तुमी दाराशी आल्याला तवा. गुरुजींच्या कानांनी त्यातलं फक्त गिराण तेवढं उचललं. जन्माची वेळ आली की तुम्हाला राहू-केतू आठवतात, असं म्हणत त्यांनी सगळ्या पालकांसमोर तिला पंधरा मिनिटं सावलीचं शास्त्र समजावलं. लोक हसले. ठकीने मान खाली घालून अंगठा उठवला आणि ती घरी गेली.

साऱ्या नोकरीत इतकी नेमकी जन्मवेळ गुरुजींना दुसऱ्या कुणी सांगितली नव्हती. आकाशातच नोंदलेली तारीख होती ती, जगातल्या कुठल्याही पंचांगात सापडली असती. आणि विज्ञानाचा झेंडा मिरवणाऱ्या माणसाने ती विज्ञानाच्याच नावाने पुसून टाकली होती.

घरी आल्यावर गुरुजींनी स्वतःची बाजू मांडून पाहिली. खरी तारीख लिहिली असती तर पोर सहाचं भरलं नसतं, वर्षभर नाव घेता आलं नसतं, आणि दिवाळीनंतर ती आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली असती. सबब चांगली होती, पण खरी नव्हती. ठकी काय सांगते ते ऐकून, विचार करून त्यांनी खोटं लिहिलं असतं तर गोष्ट वेगळी. त्यांनी ऐकलंच नव्हतं.

रविवारी ते ललिताबरोबर वरच्या वाडीत गेले. गुडघे कुरकुरत होते, दोनदा बसावं लागलं. ठकी आता म्हातारी झाली होती, पण तिला सगळं लख्ख आठवत होतं. कोंबडे अवेळी कसे गप्प झाले, सासू कशी दाराला पाठ लावून बसली, आणि बाहेर गुरुजी पुठ्ठा घेऊन कसे बोंबलत होते, हे सांगताना ती पोट धरून हसली. एके काळी गुरुजी तिला अगं-तुगं करत. आता ते म्हणाले, "ठकीबाई, माझं चुकलं." तिला काही कळलं नाही. पोरगी शाळेत गेली, शिकली, यात गुरुजींचं काय चुकलं? ललिताने तिला समजावलं की मंगळवारी आपल्याला कर्जतला जायचंय आणि हेच सगळं तिथे सांगायचंय. ठकी म्हणाली, सांगन की.

संस्थेच्या कार्यालयात भरतीचं काम बघणाऱ्या समीक्षा मॅडम बसल्या होत्या. वयाने ललिताएवढ्याच असतील. गुरुजींनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, स्वतःला कुठेही न वाचवता. मॅडमनी मोबाइलवर ग्रहणाची तारीख पाहिली, ती बरोबर निघाली. त्यांचा चेहरा खुलला. त्यांनाही ललिताच हवी होती, हे दिसत होतं. आईंच्या तोंडून एकदा ऐकते, त्यांचं आणि तुमचं प्रतिज्ञापत्र घेऊ, मग वरिष्ठांशी मी बोलते, असं त्या म्हणाल्या. ललिताने गुरुजींकडे पाहिलं. लहानपणी गणित सुटल्यावर पाहायची तशीच.

"आजी, ललिताचा जन्म कधीचा?"

ठकी खुर्चीच्या कडेवर टेकली होती. समोर टेबल, संगणक, डोक्यावर पंखा. ती ताठ झाली, पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "एक जून, एकोनीसशे पंच्यान्नव."

"आये," ललिता म्हणाली.

"ठकीबाई, परवा घरी सांगितलंत ते सांगा ना. गिराणाचं," गुरुजी म्हणाले.

ठकी ओशाळली. मॅडमकडे बघून कसनुसं हसली आणि गुरुजींच्या बाजूला झुकून म्हणाली, "ते घरात बोलायचं, गुरुजी. हितं शिकल्याल्या मान्सांम्होरं कसं बोलू? तुमीच शिकवलं न्हवं, गिराण म्हंजी निस्ती सावली. आन तारीख बी तुमीच घोकून घेतली माज्याकडनं. कुनी बी इचारलं तर येवढीच सांगायची, दुसरं काय बोलायचं नाय. रेशनला सांगितली, आधारला सांगितली. चोवीस वर्सं झाली, येकदा बी चुकले नाय."

घोकून घेतल्याचं गुरुजी साफ विसरले होते. आता मात्र आठवलं. शाळेच्या ओसरीवर उभी करून, तीन वेळा.

"सर, माझा तुमच्यावर विश्वास आहे," मॅडम म्हणाल्या. "पण कागद आणि आई, दोघंही एकच तारीख सांगतायत. मी वर काय लिहून पाठवू?"

गुरुजींनी पुन्हा सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि ललिताचा अर्ज हळूच तिच्याकडे सरकवला.

बाहेर आल्यावर ललिताने कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, पिशवीला गाठ मारली. आईला ती एका शब्दाने बोलली नाही. दोनला रिसॉर्टवर पोचायचं होतं, म्हणून ती रिक्षा बघायला पुढे निघून गेली. गुरुजी आणि ठकी मागे राहिले. ठकी रेलिंग धरून एकेक पायरी उतरत होती. मध्येच थांबली. पुढे निघून गेलेल्या पोरीकडे बघून तिला शंका आली असावी.

"गुरुजी, बराबर सांगितली ना मी?"

गुरुजींनी रस्त्याकडे पाहिलं. ललिता पाठमोरी उभी होती, हात वर करून रिक्षा थांबवत होती.

"बरोबर सांगितलीत," ते म्हणाले.

ठकीचा चेहरा फुलला, आणि उरलेल्या दोन पायऱ्या ती रेलिंग सोडून उतरली.